स्वस्ताईचा उंबरठा

माझ्या आजीने आयुष्यात तीन तऱ्हेची दुकाने पाहिली. करमाळा तालुक्यातल्या गावी वाण्याचे, १९७२ च्या दुष्काळात पुण्याला आल्यावर रेशनचे, आणि मरणाच्या दोन वर्षे आधी माझा हात धरून पाहिलेले सवलतीच्या दरांचे मोठे दुकान. गावच्या वाण्याची पायरी तिला चढता येत नव्हती. मीठमिरची वरून पदरात टाकली जाई. पैसे उंबऱ्यावर ठेवावे लागत, आणि त्यांवर पाणी शिंपडून मगच ते उचलले जात. ‘माप बघाया डोळं व्हतं, पर बोलाया तोंड नव्हतं,’ असे ती म्हणे. महागाईचा इतिहास लिहिणारे पुरवठा, चलन, पाऊसमान यांपासून आरंभ करतात. तो आरंभ चूक नाही. परंतु आमच्या घराचा महागाईशी संबंध त्या पायरीपासून सुरू होतो, म्हणून मीही तेथूनच सुरुवात करतो.

बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या वस्त्यांत बाबासाहेबांची तसबीर आहे, घटनेची प्रत आहे. हा ग्रंथ मात्र चलनशास्त्राचा म्हणून आपण अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना देऊन टाकला आहे. त्यातला एक मुद्दा तरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला समजेल इतका साधा आहे. रुपयाची किंमत उतरली की निर्यात करणाऱ्याला नफा होतो. पण हा नफा आकाशातून पडत नाही. भाव ज्या वेगाने चढतात त्या वेगाने मजुरी चढत नाही, आणि मधल्या अंतरात मजुराच्या ताटातून जे कमी होते तेच दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते. १९२५ साली चलनविषयक रॉयल कमिशनपुढे साक्ष देतानाही त्यांची भूमिका हीच होती. हे मी एकदा माझ्या आईला सांगून पाहिले. ती चार घरी कामाला जाते. म्हणाली, ‘एवढं सांगाया पुस्तक कशापायी? बाईंनी दोनशे वाढवले, तवर गॅस दोनदा वाढला.’

या विचाराचा धागा आपल्या चळवळीत एकदा स्पष्टपणे उमटला होता. १ ऑक्टोबर १९६४ रोजी रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद दिली आणि ६ डिसेंबरपासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर सत्याग्रह झाला. लाखो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. हा भूमिहीनांचा सत्याग्रह म्हणून आपल्या स्मरणात आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्या सनदेत जमिनीबरोबर धान्याच्या वाढत्या भावांवर नियंत्रणाची आणि धान्याच्या पुरेशा वाटपाची मागणीही होती. भूमिहीनाला धान्य विकतच घ्यावे लागते, म्हणून जमीन आणि दुकान हे त्याच्यापुढे एकाच प्रश्नाचे दोन भाग होते. पुढे आपण गटातटांच्या हिशेबात इतके गुंतलो, की दुसरा भाग आपल्या भाषणांतून जवळजवळ नाहीसा झाला. ही तक्रार मी इतरांची करीत नाही. मी स्वतः इतिहास शिकवतो आणि कित्येक वर्षे ६४ चा सत्याग्रह फळ्यावर लिहिताना ‘जमीन’ एवढाच शब्द लिहीत आलो.

आजी पुण्याला आली ती मिलोच्या काळात. दुष्काळी कामावर खडी फोडून, सुकडी खाऊन भागेना, तेव्हा कुटुंब पुण्याकडे निघाले. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळे. तिची भाकरी थापताना मोडे, पण ती रांगेत उभे राहून मिळे आणि रांगेत जात विचारीत नसत, हे आजी आवर्जून सांगे. तो काळ साऱ्या देशालाच कठीण होता. १९७३ च्या एप्रिलमध्ये सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार ताब्यात घेतला, वर्षभरात सोडून दिला. ऑक्टोबरनंतर खनिज तेल भडकले. १९७४ च्या सुमारास घाऊक किमती वर्षाला वीस टक्क्यांहून अधिक वेगाने चढत होत्या. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या.

पुण्यात याच १९७४ साली दोन गोष्टी घडल्या. बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली. आणि बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. महागाई एकच, शहर एकच. उत्तरे मात्र दोन. पहिल्या उत्तरात माणूस हा ग्राहक आहे. त्याने संघटित व्हावे, फसवणुकीविरुद्ध उभे राहावे. १९७५ साली निघालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर कुटुंबांचे गट करून महिन्याचा माल एकत्र आणून वाटून घेण्याची पद्धत बसवली. त्या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. ग्राहक संरक्षणाचा १९८६ चा कायदा अशाच प्रयत्नांतून आला. तथापि महिन्याचा माल एकदम घेण्यासाठी महिन्याचे पैसे एकदम हाती असावे लागतात. हमालाच्या हाती दिवसाचे पैसे असतात. त्याला धान्याचे पोते स्वस्त मिळून काय उपयोग? पोते तर तो दिवसभर पाठीवर वाहतोच. त्याला दुपारी पोटभर भाकरी परवडेल अशा दरात हवी असते. ना नफा ना तोटा या हिशेबाने पंचायतीने ती दिली. माझे वडील भुसार बाजारात हमाली करीत आणि तेथेच जेवत. कार्ड नाही, रंग नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. १९९५ साली युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली. सत्ता गेल्यावर ती योजनाही गेली. हमालांची भाकर मात्र त्यानंतरही चालू राहिली.

मी शाळेत होतो तेव्हा कार्डांना रंग आले. जून १९९७ पासून केंद्राने दारिद्र्यरेषेच्या खालचे आणि वरचे असे दोन भाग केले होते. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून पिवळे, केशरी आणि पांढरे अशी तीन कार्डे झाली. पिवळ्याला वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा पंधरा हजार, केशरीला त्यापुढे एक लाखापर्यंत. वर्गात कुणाच्या घरी कोणत्या रंगाचे कार्ड आहे हे आम्हा मुलांना जातीइतकेच पाठ झाले. मिलोच्या रांगेने जे विचारले नव्हते ते आता दुसऱ्या रूपाने विचारले जाऊ लागले.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्य हा हक्क झाला. तीन रुपयांना तांदूळ, दोन रुपयांना गहू, माणशी पाच किलो; २०२३ च्या जानेवारीपासून तेही मोफत. ही मोठी गोष्ट आहे, आणि तिला भीक म्हणून हिणवणाऱ्यांनी एकदा दुष्काळी कामावरच्या बाईशी बोलून पाहावे. पण या हक्कालाही उंबरठा आहे. महाराष्ट्राच्या शहरी भागातील ४५.३४ टक्के लोकांनाच तो मिळणार, आणि ही मोजणी २०११ च्या जनगणनेवरची. पुणे महापालिकेत २०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावे आली. ती जनगणना होती तेथेच. शहरी कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा ठरली ५९ हजार रुपये वर्षाला, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. कायदा २०१४ साली राज्यात लागू झाला तेव्हा ती होती, दहा वर्षांनीही तीच होती. दरम्यान डाळ, तेल, गॅस, खोलीचे भाडे सगळे वाढले. त्यांच्या मागून रखडत मजुरीचाही आकडा वाढला. पोटात जाणारे वाढले नाही, कागदावरचे उत्पन्न वाढले, आणि कुटुंब मर्यादेबाहेर गेले. म्हणजे ज्या महागाईपासून संरक्षण म्हणून हे दुकान उघडले, तीच महागाई माणसाला त्या दुकानाबाहेर काढते. बाबासाहेबांनी भाव आणि मजुरी यांमधले अंतर दाखवले होते. येथे त्यात भर पडली आहे: मजुरी भावामागे राहते आणि मर्यादा मजुरीच्याही मागे राहते.

आमचेच पाहा. २०१७ साली मला तासिका तत्त्वावर महाविद्यालयात काम मिळाले. घराण्यातला पहिला पदवीधर, म्हणून पेढे वाटले. फॉर्मवर उत्पन्न खरे लिहिले आणि आमचे केशरी कार्ड धान्याच्या यादीतून गेले. २०२० च्या टाळेबंदीत तास नाहीत म्हणून मानधन नाही, वडिलांचा बाजार बंद. शेजारच्या घरात मोफत तांदूळ येत होता. आमच्यासारख्या केशरी कार्डांना मे-जूनमध्ये आठ रुपयांनी तीन किलो गहू आणि बारा रुपयांनी दोन किलो तांदूळ माणशी मिळाला. वडील रांगेत उभे राहिले. मला त्यांनी येऊ दिले नाही. ‘प्राध्यापक रांगेत दिसला तर लोक काय म्हणतील,’ म्हणाले.

राहिले सवलतीचे मोठे दुकान. डी-मार्टचे पहिले दुकान २००२ साली मुंबईत पवईला निघाले. तेथील स्वस्ताईत जादू नाही. जागा बहुतांशी स्वतःची, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते, म्हणून खरेदी स्वस्त आणि नफा थोडा, पण खप प्रचंड. रोखीच्या पैशाची ही स्वस्ताई आहे, आणि ती गिऱ्हाइकाकडेही रोखच मागते. आईचे चार घरचे पगार चार तारखांना येतात. दहा बाय दहाच्या खोलीत दहा किलोची पिशवी ठेवायला जागा नाही, घूस आहे. जाण्यायेण्याच्या रिक्षात सवलत संपते. म्हणून दहा रुपयांचे तेल आणि पाच रुपयांची चहापूड गल्लीतल्या दुकानातून, किलोच्या हिशेबात सर्वांत महाग दराने. तो दुकानदार उधार देतो, हे मात्र विसरता येत नाही.

तरीही आई महिन्यातून एकदा तेथे जातेच. पुष्कळ दिवस मला हे कळत नव्हते. मी तिला हिशेब मांडून दाखवी. मग २०१६ साली आजीला घेऊन गेलो. दाराशी तिने चपला काढल्या. रखवालदार म्हणाला, ‘आजी, चपला घालूनच जा.’ तिने आत जाऊन उघड्या पिंपातल्या तांदळात मनगटापर्यंत हात घातला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला.

२०२२ च्या उन्हाळ्यात, युक्रेनच्या युद्धाने तेल चढले तेव्हा, आईने पाच लिटरचा डबा उचलला, भाव वाचला, खाली ठेवला आणि एक लिटरची पिशवी घेतली. तूरडाळ स्वतः भरून काट्यावर ठेवली. आकडा पाहून दोन मुठी परत काढल्या, पुन्हा पाहिले आणि मग गाडी पैशाच्या रांगेकडे ढकलली.