उसनी उंची

यमुनेच्या पूर्व तीरावरचे मयूर विहार रेडिओलहरींच्या दृष्टीने गैरसोयीच्या जागी वसले आहे. नदीकाठची सपाट, सखल जमीन; आसपास डोंगर नाही; चहूबाजूंनी गृहनिर्माण संस्थांच्या बहुमजली इमारती. 16 मीटर उंचीच्या गच्चीवर अँटेना उभारली, तर 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरी जमिनीवर साधारण साडेसोळा किलोमीटरपर्यंत पोहोचतात. त्यापुढे पृथ्वीचा गोलावाच आडवा येतो. गणित सोपे आहे: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि 4.12 ने गुणावे. येईल ते रेडिओ-क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर. हौशी रेडिओच्या रिपीटर-जाळ्यांचा इतिहास बव्हंशी या सूत्राशी चाललेल्या झगड्याचा इतिहास आहे. उंची हवी असते, आणि ती नेहमी कुणाकडून तरी उसनी घ्यावी लागते.

आरंभीच्या पिढीला या उंचीची गरज नव्हती. 1921 मध्ये कलकत्त्यात अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी देशातील पहिले हौशी केंद्र चालवले, त्यानंतरच्या काळात हौशी मंडळींची मदार लघुलहरींवर राहिली. या लहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटर दूर उतरतात. त्यांना डोंगर लागत नाही, लागतो तो परवाना. तो सरकारच्या मर्जीवर अवलंबून असे. दुसरे महायुद्ध सुरू होताच हौशी परवाने रद्द झाले. 27 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईत 'काँग्रेस रेडिओ' गुप्तपणे बोलू लागला. उषा मेहता तेव्हा 22 वर्षांच्या होत्या. प्रेषक एका घरातून दुसऱ्या घरात हलवत हे केंद्र 12 नोव्हेंबरपर्यंत चालले आणि अखेर पोलिसांच्या हाती लागले. हे केंद्र हौशी परवान्याचे नव्हते; परंतु प्रेषक बांधणारे नरिमन प्रिंटर हे हौशी रेडिओच्याच जगातले. खासगी माणसाच्या हातातील प्रेषकाकडे राज्यसंस्था संशयाने का पाहते, याचे याहून बोलके उदाहरण आपल्याकडे नाही. स्वातंत्र्यानंतरही तो संशय पुरता ओसरला नाही. 1948 मध्ये महू येथील सिग्नल स्कूलमध्ये स्थापन झालेला क्लब पुढे दिल्लीत आला आणि 1954 मध्ये 'अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' झाला; हौशी सेवेसाठीचे स्वतंत्र नियम मात्र 1978 चे आहेत.

रिपीटरची कल्पना रुजली ती अमेरिकेत. कॅलिफोर्नियात आर्थर जेंट्री यांनी 1950 च्या दशकात लॉस एंजेलिसजवळच्या माउंट ली या डोंगरावर हौशी रिपीटर चालवला. यंत्र साधे वाटते: एका वारंवारतेवर ऐकायचे आणि तेच त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर बोलायचे. दोन मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात या दोहोंतील अंतर सामान्यतः अवघे 600 किलोहर्ट्झ असते. खरी अडचण येथे आहे. रिपीटर 10 वॅटने बोलत असतो, त्याच वेळी त्याच्या ग्राहकाला मायक्रोव्होल्टच्या पंचमांशाइतका क्षीण संदेश ऐकायचा असतो. या दोन शक्तींचे गुणोत्तर काढले तर एकावर सोळा शून्ये येतात. ढोल बडवणाऱ्यानेच पलीकडच्या गल्लीतली कुजबुज टिपावी, असा हा प्रकार. त्यावर उपाय म्हणून धातूच्या नळकांड्यांतील अनुनादी पोकळ्या वापरतात; त्या आपली वारंवारता आत येऊ देतात आणि शेजारची अडवतात. हौशी क्लबच्या खर्चाचा मोठा वाटा या नळकांड्या, मनोरा आणि विजेच्या बॅटऱ्या यांत जातो. बोलण्याचे यंत्र त्यामानाने स्वस्त असते.

एवढा खटाटोप उंचीसाठी. महाराष्ट्राला ती सह्याद्रीने आयती दिली आहे. मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम 1973 मध्ये पुण्यात दिसू लागले ते सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे. गड पुणे शहराहून साधारण 750 मीटर उंच. सूत्रात घातले तर क्षितिज 110 किलोमीटरपलीकडे जाते. मयूर विहारच्या गच्चीपेक्षा जवळजवळ सातपट. हौशी रिपीटरलाही हाच हिशेब लागू पडतो. मात्र डोंगरमाथा सहसा वनखात्याचा, लष्कराचा किंवा दूरसंचार यंत्रणेचा असतो. वीज आणि वाट दुसऱ्याची. पावसाळ्यात वीज पडून यंत्र बंद झाले, की नोकरीधंदा सांभाळणाऱ्या कुणीतरी रविवारी बॅटरी खांद्यावर घेऊन गड चढावा लागतो.

एक रिपीटर जिल्ह्यापुरता. दोन डोंगर एकमेकांना दिसत असतील, तर वेगळ्या पट्ट्यावरील रेडिओदुव्याने ते जोडता येतात. दिसत नसतील तर? 1997 मध्ये कॅनडात डेव्हिड कॅमेरॉन यांनी इंटरनेटवरून रिपीटर जोडण्याची पद्धत सुरू केली. 2002 मध्ये जोनाथन टेलर यांची 'एकोलिंक' प्रणाली आली. डोंगरांवाचून जाळे शक्य झाले, आणि सपाट दिल्लीसारख्या प्रदेशाला तर हे वरदानच वाटले. पण उंचीऐवजी आता इंटरनेट उसने घेतले गेले, ही बाब उत्साहात बाजूला पडली. आपत्तीत मोबाइल आणि इंटरनेट बंद पडल्यावर उपयोगी पडावे, म्हणून हौशी जाळ्यांचा आग्रह धरला जातो; आणि दुवे तुटले, की हेच जाळे सुट्या बेटांत विखुरते.

13 जुलै 2023 रोजी दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलापाशी यमुना 208.66 मीटरवर पोहोचली. 1978 चा 207.49 मीटरचा विक्रम मोडला. खादरातील कुटुंबे मयूर विहारच्या रस्त्याकडेच्या तंबूंत आली. त्या वेळी मोबाइल चालू होते. 26 डिसेंबर 2004 रोजी अंदमान-निकोबारमध्ये मात्र संपर्क कोलमडला. योगायोगाने भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हौशी पथक त्याच महिन्यात पोर्ट ब्लेअरला होते; अनेक वर्षांनी त्या बेटांवरून हौशी प्रक्षेपणाची परवानगी मिळाली होती. त्यांनी निरोप पोहोचवले ते लघुलहरींवरून. ना रिपीटर, ना इंटरनेट. एक यंत्र, एक तार आणि आयनांबर.

त्यानंतर पाचच महिन्यांत भारताने याहून मोठी उंची गाठली. 5 मे 2005 रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी6 ने कार्टोसॅट-1 सोबत 'हॅमसॅट' हा 42.5 किलोग्रॅमचा उपग्रह कक्षेत सोडला. 620 किलोमीटरच्या आसपास उंची. म्हणजे एका वेळी जमिनीवरचे सुमारे 5400 किलोमीटर व्यासाचे वर्तुळ त्याच्या दृष्टीत. काश्मीर आणि कन्याकुमारी दोन्ही त्यात सहज मावतात. त्यावर दोन ट्रान्सपाँडर होते: एक भारतीय, दुसरा विल्यम लायेनार या डच विद्यार्थ्याने बांधलेला. इस्रोने एका विद्यार्थ्याचे यंत्र आपल्या उपग्रहात बसवले, ही गोष्ट आजही विरळा म्हणावी लागेल.

हॅमसॅट रिपीटरहून एका बाबतीत वेगळा होता. रिपीटर एकाचाच आवाज घेतो. एकाने बटण दाबले की बाकीचे थांबतात. हॅमसॅट 435 मेगाहर्ट्झजवळचा 60 किलोहर्ट्झचा अख्खा पट्टा उचलून 145 मेगाहर्ट्झजवळ उतरवत असे. त्यामुळे अनेक संभाषणे एकाच वेळी चालत. किंमत होती ती वेगाची. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर धावतो. डॉप्लर परिणामामुळे 435 मेगाहर्ट्झवर वारंवारता दोन्ही बाजूंना 10 किलोहर्ट्झपर्यंत सरकते. माणसाच्या आवाजाला लागणारा पट्टा अवघा 3 किलोहर्ट्झचा. एका हाताने अँटेना आकाशात फिरवत आणि दुसऱ्याने वारंवारतेचे बटण सरकवत बोलायचे, आणि तेही फार तर 13 मिनिटे. मग उपग्रह क्षितिजाखाली.

11 जुलै 2014 रोजी लिथियम-आयन बॅटरी निकामी झाल्याने हॅमसॅटचे कार्य संपले. त्यानंतरचे भारतीय प्रयत्न छोटे राहिले. डिसेंबर 2018 मध्ये अमेरिकेतून 'एक्सीडसॅट-1' हा हौशी रेडिओचा घनाकृती उपग्रह गेला. 1 एप्रिल 2019 रोजी पीएसएलव्ही-सी45 च्या चौथ्या टप्प्यावर अ‍ॅमसॅट-इंडियाचे एक यंत्र बसवले होते. ते आवाज घेत नसे, फक्त छोटे लिखित संदेश पुढे पाठवत असे. 60 किलोहर्ट्झचा पट्टा घेऊन देशभरच्या आवाजांना एकाच वेळी जागा देणाऱ्या हॅमसॅटची ती भरपाई नव्हती.

मयूर विहारच्या गच्चीवर उंची मिळवण्याचा जुना मार्ग अद्याप खुला आहे. संस्थेच्या कार्यकारिणीने संमती दिली आणि 9 मीटरचा खांब उभा राहिला, तर क्षितिज साडेसोळावरून साडेवीस किलोमीटरवर जाते.