बीअरयंत्रातील हॉप्सचे गणित

हॉप ही भांगेच्या कुळातील वेल आहे. तिच्या मादी फुलांतील पिवळ्या राळेमुळे बीअरला कडवटपणा येतो, तर त्याच फुलांतील तेलांमुळे सुगंध. राळेतील अल्फा आम्ले मुळात पाण्यात फारशी विरघळत नाहीत. वर्ट, म्हणजे माल्टचा गोड काढा, उकळत असताना त्यांच्या रेणूंची रचना बदलते आणि मगच ती विरघळून कडवटपणा देतात. तेले मात्र त्याच उष्णतेने उडून जातात. त्यामुळे कडवटपणासाठीचे हॉप्स उकळीच्या आरंभी व सुगंधासाठीचे अखेरीस घालण्याचा प्रघात आहे. पाककृतीतील ‘६० मिनिटे’ म्हणजे उकळी संपण्यास उरलेला वेळ.

हे वेळापत्रक उघड्या पातेल्यासाठी बसवलेले आहे. अमेरिकेत घरगुती बीअरला संघराज्य कायद्याने १९७९ पासून मोकळीक मिळाली आणि हौशी मंडळींचे सारे ठोकताळे पातेल्यावरच तयार झाले. (आपल्याकडे, गोव्यातही, मद्यनिर्मितीला अबकारी परवाना लागतो.) पुढे सिएटलच्या पिकोब्रू कंपनीचे झायमॅटिक हे यंत्र आले. त्यात हॉप्स चार कप्प्यांतील जाळीच्या पिंजऱ्यांत आधीच भरून ठेवायचे असतात. ठरलेल्या वेळी पंप त्या त्या कप्प्यातून गरम वर्ट फिरवतो. २०२० मध्ये कंपनीचा कारभार थांबला, तरी यंत्रे वापरात राहिली. पातेल्याची पाककृती अशा यंत्रात जशीच्या तशी उतरवली, तर बीअर बेचव निघण्याचा संभव असतो आणि ते कळते काही आठवड्यांनी, बाटली उघडल्यावर.

पहिले कारण तापमान. यंत्रातील वर्ट बहुधा खळखळून उकळत नाही. ते उकळबिंदूच्या किंचित खाली राहते. अल्फा आम्लांच्या रूपांतराचा वेग १०० अंश सेल्सिअसला जेवढा असतो, त्याच्या सुमारे तीन चतुर्थांश ९७ अंशांना आणि निम्म्याहूनही कमी ९० अंशांना उरतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवरील डेन्व्हरमध्ये पाणीच ९५ अंशांच्या आसपास उकळते. तेथे पातेलेवाल्यांचीही हीच अडचण. त्यातच पिंजऱ्यात दाबून भरलेल्या हॉप्सच्या गोळ्या भिजून फुगतात आणि मधल्या भागापर्यंत वर्ट नीट पोहोचत नाही. म्हणून पिंजरा सैल भरावा आणि आरंभीची मात्रा दहा-पंधरा टक्क्यांनी वाढवून पाहावी.

अखेरच्या हॉप्सची गोष्ट नेमकी उलटी. पातेले बर्फाच्या पाण्यात ठेवून झटपट निववता येते. यंत्रात उकळीची वेळ संपल्यानंतरही वर्ट बराच काळ गरम राहिले, तर शेवटच्या पाच मिनिटांचे हॉप्स प्रत्यक्षात वीस मिनिटांचे होतात. कडवटपणा वाढतो आणि ज्यासाठी ते घातले तो सुगंध जातो. ८० अंशांना रूपांतराचा वेग साधारण एक षष्ठांशावर येतो. म्हणून थंड करण्याचा टप्पा सुरू झाल्यावर, तापमान तेवढे उतरले की शेवटचा कप्पा उघडेल अशी आज्ञा द्यावी. यंत्रात तशी सोय नसेल, तर सुगंधाचे हॉप्स सरळ आंबवणाच्या भांड्यात टाकावेत. सर्व मात्रा एकाच प्रमाणात वाढवणे ही यंत्रधारकांची नेहमीची चूक येथेच नडते.

उरते पाकिटावरील आकड्यांचे गणित. कडवटपणाच्या आयबीयू या एककात, ढोबळमानाने, एक म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम रूपांतरित अल्फा आम्ल. टिन्सेथ यांच्या प्रचलित सूत्रानुसार १.०५० घनतेच्या वर्टमध्ये ६० मिनिटांत सुमारे २३ टक्के आम्ल उपयोगी पडते, तर १५ मिनिटांत त्याच्या निम्मेच. १० लिटर वर्टमध्ये ६ टक्के आम्लाचे १५ ग्रॅम हॉप्स ६० मिनिटे उकळले, तर साधारण २१ आयबीयू मिळतात. नव्या पाकिटावर ५ टक्के लिहिलेले असेल, तर १८ ग्रॅम घ्यावेत. बंदिस्त यंत्रातून वाफ कमी जाते, म्हणून भागाकार अखेरीस उरणाऱ्या लिटरांनीच करावा. शिवाय तो टक्का पाकीट भरतानाचा असतो. उघडे पाकीट उष्ण, दमट हवेत राहिले तर तो घटत जातो. उरलेले हॉप्स हवाबंद करून फ्रीजरमध्ये ठेवावेत.