नैर्ऋत्येचा वारा आणि रिच्चोलींचा तोफगोळा

जूनचा पहिला आठवडा उलटला की मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या दिसतात. पावसाचा वारा नैर्ऋत्येकडून येणार, हे येथे शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसालाही ठाऊक असते. परंतु तो सरळ दक्षिणेकडून न येता नैर्ऋत्येकडूनच का यावा, असे सहसा कोणी विचारीत नाही. या प्रश्नाचा माग काढीत गेले असता आपण सतराव्या शतकातील दोन येशूसंघीय धर्मगुरूंपाशी येऊन पोहोचतो.

पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते व त्यामुळे दिवस-रात्र होतात, एवढे आपण सर्वांनी पाठ केलेले असते. मात्र हा वेग सर्वत्र सारखा नाही. विषुववृत्तावरील माणूस ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे नेला जातो, आपल्या ओरोस-कुडाळचा सुमारे १६०० किलोमीटरने, आणि ध्रुवावरचा जागच्या जागी गिरकी घेतो. पुढील सारी कथा या फरकाची आहे.

फादर जोव्हान्नी बात्तिस्ता रिच्चोली हे इटलीतील बोलोन्या नगरीचे. १६३३ साली गॅलिलिओला शिक्षा झाली, त्यानंतर अठरा वर्षांनी, १६५१ मध्ये, त्यांचा ‘आल्माजेस्तुम नोव्हुम’ हा प्रचंड ग्रंथ निघाला. सहकारी फादर ग्रिमाल्दी यांच्यासह त्यांनी चंद्राचा नकाशा केला. १९६९ साली मानव चंद्रावर जेथे उतरला त्या ‘शांतिसागरा’चे नाव याच नकाशातले. पृथ्वी फिरते या मताच्या बाजूचे ४९ व विरुद्धचे ७७ मुद्दे रिच्चोलींनी तपासले. त्यांपैकी एक असा : पृथ्वी फिरत असेल, तर उत्तरेकडे डागलेला तोफगोळा आपल्या मूळच्या जागेचा पूर्वेकडील अधिक वेग घेऊन निघेल, आणि कमी वेगाच्या भूमीवर पोहोचताना लक्ष्याच्या उजवीकडे पडेल. गोलंदाजांच्या अनुभवास असे काही येत नाही. सबब पृथ्वी स्थिर आहे.

तर्क अचूक होता, निष्कर्ष मात्र चुकला. गोळा वळतो, पण इतका थोडा की त्या काळच्या तोफांच्या नेमात ते कळून येणे शक्य नव्हते. गॅलिलिओचा विषय निघाला की आपल्यापैकी पुष्कळांची मान खाली जाते. ते योग्यच आहे. त्याच्यावर अन्याय झाला, आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली चर्चच्या तत्कालीन धर्मपंडितांची चूक जाहीरपणे मान्य केली. तथापि विज्ञानाला भिऊन डोळे मिटून बसलेले पाद्री हे जे चित्र रंगविले जाते, त्यात रिच्चोली बसत नाहीत. ते पुरावा मागत होते.

आणि पुरावा तर दरवर्षी आपल्या किनाऱ्यावर येऊन थडकत होता! गोळा क्षणात पडतो. वारा हजारो किलोमीटर वाहतो. दक्षिण गोलार्धातून विषुववृत्ताकडे येणारे वारे ते ओलांडून उत्तरेकडे येतात, तेव्हा पूर्वेकडील आपला जादा वेग सोबत आणतात. खालची भूमी व समुद्र मागे पडतात, वारा पुढे सरकतो, म्हणजेच उजवीकडे वळतो. दक्षिणेकडून निघालेला तो वारा आपल्याला नैर्ऋत्येचा होऊन भेटतो, सह्याद्रीला अडून वर चढतो आणि आंबोलीला झोडपून काढतो. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघालेली पोर्तुगीज जहाजे मोझांबिकनंतर याच वाऱ्यावर शिडे सोडून सप्टेंबरच्या सुमारास गोव्याला लागत. त्यांत येशूसंघाचे मिशनरीही असत. रिच्चोलींचा ग्रंथ छापला जाण्यापूर्वी शंभर वर्षे त्यांचेच बंधू त्यांना हव्या असलेल्या पुराव्यावर स्वार होऊन गोव्यास येत होते. फक्त तो पुरावा आहे हे कोणास उमगले नव्हते.

१६८६ साली हॅली यांनी व्यापारी व मोसमी वाऱ्यांचा नकाशा काढला, पण कारण केवळ सूर्याच्या उष्णतेत शोधले. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध १७३५ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज हॅडली यांनी जोडला, आणि हे गृहस्थ शिक्षणाने वकील! बोलोन्यातील ज्या आसिनेल्ली मनोऱ्यावरून रिच्चोलींनी गोळे टाकून पतनाचा अभ्यास केला होता, त्याच मनोऱ्यावरून गुल्येल्मिनी यांनी १७९१ च्या सुमारास गोळे सोडले. ते किंचित पूर्वेकडे पडले. पुढे कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञाने या वळण्याचे गणित मांडले ते १८३५ साली. निषिद्ध ग्रंथांची जी यादी त्याच वर्षी निघाली, तीत कोपर्निकस व गॅलिलिओ यांची पुस्तके प्रथमच नव्हती.

१८५१ मध्ये फूको यांनी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, म्हणजे मुळात संत जेनेव्हिव्ह यांच्यासाठी बांधलेल्या मंदिरात, ६७ मीटर लांब तारेला लंबक टांगला आणि पृथ्वीचे फिरणे लोकांना डोळ्यांनी पाहता आले. तेथे लंबकाची दिशा सुमारे ३२ तासांत पूर्ण फिरते. विषुववृत्ताकडे यावे तसे हे वळणे मंदावते. ओरोसच्या एखाद्या उंच छताला तसा लंबक टांगला, तर एका फेरीला सुमारे साडेतीन दिवस लागतील.