नागपूर ज्याची राजधानी होती

सदरमधल्या रेसिडेन्सी रोडला भोसल्यांच्या दरबारी राहणाऱ्या इंग्रज रेसिडेंटमुळे नाव मिळालं. त्या रेसिडेंटाच्या काळापासून पाहत आलं, की नागपूरच्या मुलखाची हद्द किती वेळा हलली ते कळतं.

17 डिसेंबर 1803 ला इंग्रजांशी झालेल्या देवगावच्या तहात दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी कटक सोडलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही. नरनाळा आणि गाविलगड हे किल्ले तेवढे राखले. वर्धेपलीकडचं वऱ्हाड निजामाकडे गेलं. 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर सागर-नर्मदेकडचा प्रदेशही हातचा गेला. तिसरे रघूजी डिसेंबर 1853 मध्ये औरस वारस नसताना वारले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने उरलेलं राज्य खालसा केलं. 1861 मध्ये हा नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांत उभा राहिला. राजधानी नागपूर. मराठी, हिंदी, छत्तीसगढी, गोंडी बोलणारे लोक एका कचेरीखाली आले ते कारभाराच्या सोयीपायी. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

ही सोय किती बोचरी होती ते संबलपुरात दिसलं. 1862 मध्ये हा उडिया जिल्हा मध्य प्रांताला जोडला गेला. 1895 मध्ये तिथल्या कचेऱ्यांतून उडिया काढून हिंदी आणण्याचा हुकूम निघाला. ज्याला आपला अर्ज आपल्या भाषेत लिहिता येत नाही, त्याला सरकार परकंच वाटणार. लोक चिडले, निवेदनं गेली, मधुसूदन दासांसारखे उडिया पुढारी बोलू लागले. उडिया कचेऱ्यांत परतली आणि 1905 मध्ये संबलपूरचा बहुतेक भाग उडियाभाषक ओरिसाला जोडला गेला. त्या बदल्यात छोटा नागपूरकडची सरगुजा, जशपूर, कोरिया, उदयपूर, चांग भाखर ही संस्थानं मध्य प्रांतात आली. भाषेवर सीमा ठरवण्याचा विचार आपण 1956 च्या राज्य पुनर्रचनेशी जोडतो. मला त्याची सुरुवात या संबलपुरात दिसते. आपल्या शाळांत हा धडा फारसा शिकवला जात नाही, याची मला खंत वाटते.

वऱ्हाडची गोष्ट वेगळी. निजामाने 1853 मध्ये फौजेच्या खर्चापोटी ते इंग्रजांकडे सोपवलं होतं. 1902 च्या करारात वर्षाला 25 लाख रुपयांवर ते कायमच्या पट्ट्याने दिलं गेलं आणि 1903 पासून त्याचा कारभार नागपूरहून चालू लागला. शंभर वर्षांनी वर्धेचे दोन्ही काठ एका कारभाराखाली आले. मालकी मात्र कागदोपत्री निजामाचीच होती.

1950 मध्ये या मध्य प्रांत-वऱ्हाडचं मध्य प्रदेश झालं, तेव्हाही राजधानी नागपूरच होती. राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. ती मानली गेली नाही, आणि तो निर्णय कितीही वेळा वाचला तरी मला पटत नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा हे विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला हलली आणि 1960 मध्ये हे जिल्हे महाराष्ट्रात आले. मध्य प्रदेशात राहिलेल्या छत्तीसगढला 2000 साली, त्याच 1 नोव्हेंबरला, स्वतःचं राज्य मिळालं.