एका गुणापायी

२९ मार्च २००९. मेलबर्नच्या आल्बर्ट पार्कमध्ये मोसमातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत संपत आली होती. मोजक्या फेऱ्या उरल्या असताना फेटेल आणि कुबित्सा एकमेकांवर आदळले आणि सेफ्टी कार बाहेर आली. सेफ्टी कारच्या मागे असताना कुणी कुणाला ओलांडायचं नाही, हा नियम. पण तिसऱ्या क्रमांकावरचा टोयोटाचा यार्नो ट्रुली घसरून गवतात गेला आणि त्याच्या मागचा मॅक्लारेनचा लुईस हॅमिल्टन पुढे निघून गेला. यात हॅमिल्टनचं काहीच चुकलं नव्हतं. समोरची गाडी ट्रॅक सोडून गेली तर तिला ओलांडायला मुभा असते. संघाला मात्र खात्री वाटेना. ट्रुलीला पुढे जाऊ दे, असं हॅमिल्टनला रेडिओवरून सांगण्यात आलं. शर्यतीच्या संचालकांना आधी विचारून घ्या, असं त्याचं म्हणणं होतं. संचालक चार्ली व्हायटिंग त्या गडबडीत अडकलेले, उत्तर येईना. तोवर हॅमिल्टननं वेग कमी केला, ट्रुली पुन्हा पुढे गेला आणि त्याच क्रमानं शर्यत संपली.

पुढचा प्रसंग पंचांच्या खोलीतला. ट्रुलीनं सेफ्टी कारमागे हॅमिल्टनला का ओलांडलं, याची चौकशी सुरू होती. ‘त्याला पुढे सोडायची सूचना तुम्ही दिली होती का?’ हा प्रश्न मॅक्लारेनचे क्रीडा संचालक डेव्ह रायन आणि हॅमिल्टन यांच्यासमोर आला. दोघांनी नाही म्हणून सांगितलं. ट्रुलीला २५ सेकंदांचा दंड झाला आणि तो तिसऱ्यावरून बाराव्या क्रमांकावर फेकला गेला. हॅमिल्टन तिसरा ठरला. तेव्हाच्या पद्धतीत तिसऱ्याला ६ गुण मिळत आणि चौथ्याला ५. एवढा सगळा खटाटोप एका गुणासाठी!

हे लपणं शक्यच नव्हतं. शर्यत संपल्या संपल्या हॅमिल्टननंच पत्रकारांना खरी हकीकत सांगून टाकली होती, आणि रेडिओवरचं संभाषण ध्वनिमुद्रित होतं. चार दिवसांनी, २ एप्रिलला, मलेशियातल्या सेपांगमध्ये पंच पुन्हा बसले. तिथेही मॅक्लारेननं आधीचंच पालुपद चालू ठेवलं. मग पंचांनी ध्वनिमुद्रण पुढे केलं. हॅमिल्टन निकालातून बाद झाला आणि ट्रुलीचं तिसरं स्थान त्याला परत मिळालं. १९७४पासून मॅक्लारेनमध्ये असलेल्या रायन यांना संघानं निलंबित केलं. चोवीस वर्षांच्या विश्वविजेत्या हॅमिल्टननं पत्रकारांसमोर जाहीर माफी मागितली.

मोटारींच्या शर्यतीत फसवाफसवी नवी नाही. पण इथे गाडीत काहीच सापडलं नव्हतं. वजन बरोबर, इंधन बरोबर, इंजिनाला कुणी हात लावलेला नाही. गुन्हा होता तो तोंडी, पंचांसमोर बोललेल्या खोट्याचा. शर्यतीचं सगळं जग गाड्या तपासण्यात मुरलेलं असताना बोलण्यालाच शिक्षा करायची वेळ कशी आली, हे पाहायला पंचवीस वर्षं मागे जावं लागतं. आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट म्हणजे त्या वाटेवर बरीचशी तीच घराणी नावं बदलून पुन्हा पुन्हा भेटतात.

केन टायरेल हा लाकडाचा व्यापारी. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात, ऑकम इथल्या आपल्या लाकडाच्या वखारीत त्यानं संघ उभा केला. जॅकी स्टुअर्टची १९६९, १९७१ आणि १९७३ची तिन्ही विश्वविजेतेपदं त्याच्या हाताखालची. १९८४पर्यंत मात्र दिवस पालटले होते. बाकी सगळे टर्बो इंजिनांकडे गेले, टायरेल जुन्या, कमी ताकदीच्या कॉसवर्थ इंजिनावरच राहिला. ताकद नसेल तर गाडी हलकी ठेवायची, एवढाच मार्ग उरला होता. पण किमान वजन ५४० किलो हवं, हा नियम.

त्या उन्हाळ्यात डेट्रॉइटला टायरेलचा मार्टिन ब्रंडल दुसरा आला. या गाडीच्या इंजिनात पाण्याचा फवारा सोडायची सोय होती आणि त्यासाठी एक टाकी होती. शर्यतीच्या शेवटी गाडी पिटमध्ये यायची आणि टाकीत दाबानं पाणी भरलं जायचं. या पाण्यात शिशाच्या गोळ्या होत्या, शिकारीच्या बंदुकीत असतात तशा. शर्यतभर हलकी धावलेली गाडी वजनकाट्यावर चढताना पुरेशी जड असावी, यासाठी ही युक्ती, असा आरोप झाला. पाण्यात इंधनाचे अंश सापडल्याचाही आरोप होता. पुढच्या तपासणीत त्यांचं प्रमाण आधी सांगितलं त्याहून फार कमी निघालं. तरी शिक्षा टळली नाही. टायरेलचे त्या वर्षीचे सगळे गुण पुसले गेले, स्टेफान बेलॉफची मोनाकोतली अप्रतिम तिसरी जागासुद्धा. मोसमातल्या शेवटच्या तीन शर्यतींना संघाला बंदी झाली.

या शिक्षेच्या मागे राजकारण होतं, हे त्या काळचे लोक उघड बोलत. टर्बो संघांना पुढच्या वर्षी इंधनाची मर्यादा २२० लिटरवरून खाली यायला नको होती, आणि नियम बदलायला सर्व संघांचं एकमत लागे. आडवा उभा होता तो टायरेल. तो बाहेर गेला आणि १९८५मध्ये मर्यादा २२० लिटरच राहिली. शिसं टाकीत होतं, हे मी नाकारत नाही. पण त्याच टाकीत इतर कुणाचं पाणी असतं तर एवढा कठोर निकाल लागला असता, असं मला वाटत नाही.

बेनेटन संघाचं १९९४चं प्रकरण याच्या शेजारी ठेवून पाहा. त्या वर्षी इलेक्ट्रॉनिक मदतीवर बंदी आली होती. संघाचा ड्रायव्हर शूमाकर याच्या गाडीच्या संगणकात मात्र सुरुवातीच्या झेपेला मदत करणारी प्रणाली सापडली. पडद्यावरच्या यादीत ती दिसायचीच नाही; शेवटच्या दिसणाऱ्या पर्यायाच्याही पुढे सरकलं की न दिसणारा तेरावा पर्याय हाती लागे. ती प्रत्यक्ष वापरल्याचा पुरावा मिळाला नाही, म्हणून कारवाई झाली नाही. संगणकाचा कोड द्यायला उशीर केल्याबद्दल १ लाख डॉलर दंड झाला, तेवढाच. पुढे हॉकनहाइमला इंधन भरताना योस फेर्स्टापेनच्या गाडीनं पेट घेतला. इंधन भरण्याच्या यंत्रातली गाळणी संघानं काढून टाकल्याचं निघालं. त्याबद्दलही संघ शिक्षेवाचून सुटला. संघाचे प्रमुख होते फ्लाविओ ब्रियातोरे, तांत्रिक बाजूला पॅट सायमंड्स. ही दोन नावं पुन्हा येणार आहेत.

रॅलीच्या जगातलं टोयोटाचं १९९५चं कारस्थान मात्र तंत्रज्ञ आजही अचंब्यानं सांगतात. टर्बोत जाणारी हवा एका ठरावीक मापाच्या कड्यातूनच गेली पाहिजे, असा नियम होता. टोयोटानं ते कडं असं बसवलं की गाडीवर चढलं की ते किंचित मागे सरके आणि त्याच्या कडेनं जादा हवा आत शिरे. उतरवलं की स्प्रिंगनं जागेवर येई. तपासणाऱ्याच्या हाती नेहमी नियमात बसणारं कडंच पडायचं. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे, म्हणजे एफआयएचे, अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी त्या युक्तीच्या कल्पकतेची जाहीर वाहवा केली आणि संघावर बारा महिन्यांची बंदी घातली. चौदा वर्षांनी मेलबर्नला ज्या संघावर अन्याय झाला, तो याच टोयोटाचा.

घराणं कसं चालतं, त्याचं आणखी एक उदाहरण. थकलेल्या केन टायरेलनं संघ विकला. त्याची जागा घेऊन १९९९मध्ये ‘बार’ हा संघ उतरला. २००५मध्ये इमोलाला त्यांचा जेन्सन बटन तिसरा आला. गाडीतलं इंधन उपसल्यावर किमान ६०० किलोच्या जागी वजन भरलं ५९४.६ किलो, आणि मुख्य टाकीच्या आत आणखी एक कप्पा सापडला, त्यात इंधन शिल्लक. हे इंधन इंजिन चालायला लागतंच, असा संघाचा दावा होता. अपील न्यायालयानं जाणूनबुजून फसवणूक केल्याचा ठपका ठेवला नाही, पण पारदर्शकता नव्हती असं म्हणून त्यांना निकालातून बाद केलं आणि पुढच्या दोन शर्यतींना बंदी घातली. ‘बार’चं पुढे होंडा झालं, होंडाचं ब्रॉन. २००९च्या मेलबर्नला पहिली दोन स्थानं घेतली ती याच ब्रॉननं. आजचा मर्सिडीज संघ तोच.

२००७मध्ये वळण आलं. फेरारीच्या नायजेल स्टेप्नीकडून मॅक्लारेनचा मुख्य डिझायनर माइक कॉफलन याच्याकडे ७८० पानांचे गोपनीय कागद पोचले. ते उघडकीला आले ते सरेमधल्या एका झेरॉक्सच्या दुकानामुळे. तिथल्या कर्मचाऱ्यानं समोरची पानं वाचली, हे भलतंच काही आहे हे ओळखलं आणि थेट मारानेल्लोला फेरारीला कळवलं. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो त्या माणसाचा. त्यानं कळवलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

ती माहिती एकट्या कॉफलनपुरतीच राहिली, असं मॅक्लारेननं आधी सांगितलं. जुलैमधल्या पहिल्या सुनावणीत त्यांना दोषी ठरवलं, पण शिक्षा झाली नाही. मग ड्रायव्हर अलोन्सो आणि चाचणी ड्रायव्हर पेद्रो दे ला रोसा यांच्यातले ई-मेल हाती आले. फेरारीच्या वजनाच्या विभागणीची चर्चा त्यांत होती. १३ सप्टेंबरला १० कोटी डॉलर दंड झाला आणि संघाचे सांघिक गुण रद्द झाले. ड्रायव्हरांचे गुण शाबूत राहिले. एफआयएच्या क्रीडा संहितेतलं १५१ (क) हे कलम तेव्हापासून सर्वांच्या तोंडी झालं. फसवणुकीचं वर्तन आणि खेळाच्या हिताला बाधा आणणारी कोणतीही कृती, असा त्याचा पल्ला. त्यात वजनकाटा लागत नाही, मोजपट्टी लागत नाही. माणूस खरं बोलला की नाही, तेवढं पाहायचं.

म्हणून दीड वर्षानंतर मेलबर्नचं खोटं बाहेर आलं तेव्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला. संघ तोच, कलम तेच. २९ एप्रिल २००९ रोजी पॅरिसला जागतिक मोटरस्पोर्ट परिषदेसमोर मॅक्लारेननं पाचही आरोप मान्य केले. त्यातला तिसरा आरोप मला सर्वांत गंभीर वाटतो. आपल्या खोट्यामुळे दुसऱ्या ड्रायव्हरला आणि दुसऱ्या संघाला नाहक शिक्षा झाली, हे ठाऊक असूनही ते दुरुस्त करायला त्यांनी काहीच केलं नाही. ट्रुली चार दिवस बाराव्या क्रमांकावर होता आणि तो तिथे का आहे हे मॅक्लारेनला पक्कं माहीत होतं. शिक्षा झाली तीन शर्यतींच्या बंदीची, पण बारा महिने स्थगित. प्रत्यक्षात एकही शर्यत बुडाली नाही. रॉन डेनिस मार्चपासूनच प्रमुखपदावरून दूर झाले होते, त्यांनी एप्रिलमध्ये फॉर्म्युला वनचं कामच सोडलं. नवे प्रमुख मार्टिन व्हिटमार्श यांनी माफीचं पत्र लिहिलं. रायन यांनी पस्तीस वर्षांची नोकरी गमावली.

पंचांना प्रत्येक गोष्ट स्वतः पाहता येत नाही. ताशी तीनशे किलोमीटरनं चाललेल्या खेळात निम्मा निकाल संघांच्या शब्दावर लागतो. त्यामुळे एका गुणाचं खोटं हलकं आहे, असं मी मानत नाही.

पण लगेच त्याच वर्षी स्थगितीचा खरा अर्थ कळला. उन्हाळ्यात रेनोनं आपला ड्रायव्हर नेल्सन पिके ज्युनियरला काढलं आणि त्यानं एफआयएला जबानी दिली: २००८च्या सिंगापूर शर्यतीत आपण मुद्दाम गाडी भिंतीवर घातली. पंधराव्या स्थानावरून सुटलेला, तेव्हा रेनोत असलेला अलोन्सो बाराव्या फेरीतच पिटमध्ये जाऊन आला होता. लगेच पिके सतराव्या वळणावर आदळला, जिथून गाडी उचलायला क्रेन नव्हती. सेफ्टी कार आली, बाकीचे पिटमध्ये गेले, अलोन्सो पुढे आला आणि जिंकला. रेनो म्हणजे पूर्वीचं बेनेटन. प्रमुख ब्रियातोरे, अभियांत्रिकीला सायमंड्स. अलोन्सोला याची कल्पना नव्हती, असं चौकशीत ठरलं.

माणसाच्या जिवाशी खेळलेला हा डाव. प्रेक्षक होते, ट्रॅकवर मदतनीस होते. रेनोला शिक्षा झाली बाद करण्याची, पण तीही दोन वर्षं स्थगित! संघानं चूक कबूल केली आणि दोघांना काढलं, हे कारण दिलं गेलं. होंडा डिसेंबरमध्ये निघून गेलं होतं, बीएमडब्ल्यूनं जुलैत निघायची घोषणा केली होती. तिसरी मोठी कंपनी गमावणं खेळाला परवडणारं नव्हतं, हेही कारण होतंच, असं माझं मत आहे. ब्रियातोरेंना बेमुदत आणि सायमंड्सना पाच वर्षांची बंदी झाली, ती पॅरिसच्या न्यायालयानं जानेवारी २०१०मध्ये रद्द केली. २०२४च्या जूनमध्ये ब्रियातोरे त्याच संघाच्या एन्स्टनमधल्या कारखान्यात, आता अल्पीन नावाच्या संघात, सल्लागार म्हणून परतले.

लाकडाच्या वखारीतल्या माणसाचं एक अख्खं वर्ष पुसलं गेलं. मोठ्या कंपन्यांना स्थगिती मिळाली. डेट्रॉइटला ब्रंडलनं स्वतःच्या हातानं टाकीत काही ओतलं नव्हतं, तरी त्याचे गुण गेले. मेलबर्नचा निकाल चार दिवसांत बदलला. सिंगापूरचा बदलला नाही, कारण वर्षअखेरच्या बक्षीस समारंभानंतर निकाल अंतिम मानला जातो. त्या मोसमात एका गुणानं विजेतेपद हुकलेला फेलिपे मासा २०२४मध्ये लंडनच्या न्यायालयात गेला. त्याच्या दाव्याचं काय व्हायचं ते होवो. पण सिंगापूरची ती शर्यत रेनोनं जिंकली, ही नोंद एफआयएनं स्वतःहून काढून टाकायला हवी, आणि त्यासाठी कुठल्या न्यायालयाची वाट पाहायची गरज नाही.