आबांनी न सांगितलेली कुस्ती

कापसाचा हंगाम उलगडला, जिनांवरची गर्दी ओसरली की बोदवडच्या आजूबाजूला यात्रा सुरू व्हायच्या आणि यात्रेत कुस्त्यांची दंगल. पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या आधी, मानाची शेवटी. माझे आबा आणि त्यांच्या ओट्यावरची म्हातारी मंडळी वर्षंसुद्धा कुस्तीवरून ओळखायची. 1959 म्हणजे श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले ते साल. 1960 म्हणजे गणपतराव आंदळकरांचं.

आंदळकर सांगलीकडच्या शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे, तालीम कोल्हापूरच्या मोतीबागेतली. ओट्यावरच्या एकानंही त्यांना डोळ्यांनी पाहिलं नसावं. तरी मुंबईत पंजाबच्या खडकसिंगाला त्यांनी कसं हरवलं, हे सगळ्यांना काल बघितल्यासारखं ठाऊक. दर वर्षी त्या गोष्टीतल्या आंदळकरांचं दूध शेरभर वाढायचं. बदामांचा तर हिशेबच नव्हता.

याच मंडळींकडे 1962 च्या जकार्ताची गोष्ट मात्र एका वाक्यात संपायची : ‘परदेशातून पदक आनलं त्यानं.’ पदक कसलं, कोणत्या कुस्तीत, हे कोणी सांगायचं नाही. पुढे मी ते शोधलं आणि आबांना वाचून दाखवलं. आशियाई क्रीडास्पर्धा, 97 किलोंवरचा गट; फ्रीस्टाइलमध्ये रौप्य आणि ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण. ग्रीको-रोमन म्हणजे काय, तर कमरेखाली हात लावायचा नाही आणि डावात पायही वापरायचा नाही. आबांनी तोंडातली सुपारी थांबवली. ‘पाय नही धरायचे तं मंग कुस्ती कायची?’

त्यांचा प्रश्न बरोबर होता. मातीतल्या गड्याची निम्मी विद्या त्या एका नियमानं बाद होते. पट काढता येत नाही, आकडी लावता येत नाही, टांग मारता येत नाही. उरतात मान, खांदे, बगला, छाती आणि कंबर. समोरच्याला छातीशी कवळून उचलायचं, नाहीतर धोबीपछाडीसारखं खांद्यावरून फेकायचं. शंभर किलोंच्या माणसाला त्याच्या पायांना हात न लावता उचलणं म्हणजे काय, हे कापसाची बोंद्री पाठीवर वाहणाऱ्यांना मी वेगळं सांगायला नको. त्यात खाली माती नाही, गादी. लाल मातीत घडलेल्या माणसानं या परक्या नियमांत सोनं मिळवावं, हे मला खडकसिंगाच्या कुस्तीपेक्षाही मोठं वाटतं. आबांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांच्या लेखी मातीत झाली तीच कुस्ती.

जकार्ताची हवाही भारतीय खेळाडूंना सोपी नव्हती. यजमान इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही. त्यावर भारताचे क्रीडाप्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला आणि जमाव भारतीय वकिलातीवर चालून गेला. अशा गावात मारुती माने यांनीही 97 किलो गटात फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य घेतलं. एकाच स्पर्धेत सांगलीकडच्या दोन गड्यांची मिळून चार पदकं! आंदळकरांना 1964 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी ते टोकियो ऑलिंपिकलाही गेले. 16 सप्टेंबर 2018 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

आमच्या ओट्यावरचा विषय आता बदललाय. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरींनी 2014 ते 2016 असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी मारला, तेव्हापासून खानदेशाला दुसऱ्याच्या पैलवानाची गोष्ट सांगावी लागत नाही. पण त्यांचीही गोष्ट सांगतात ती त्या किताबाच्या गदेचीच.

जकार्तात ग्रीको-रोमनमध्ये भारताला दोन सुवर्णं मिळाली, एक मालवा या पैलवानाचं आणि एक आंदळकरांचं. आशियाई स्पर्धेत या प्रकारात त्यानंतर भारताला आजवर एकही सुवर्ण मिळालेलं नाही.