वाचनालयातले नाटक

रत्नागिरीतले वाचनालय मराठी रंगभूमीपेक्षा वयाने वडील आहे. आज जिल्हा नगर वाचनालय म्हणून आपण ज्याला ओळखतो त्याचा आरंभ १८२८ चा. विष्णुदास भाव्यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले १८४३ मध्ये, आणि दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत पडद्यावर झळकला तो १९१३ साली.

नुसती सनावळी सांगून तुम्हाला कंटाळा आणायचा नाही. पण आपल्या मुलखाची अडचण ध्यानात घ्या. मुंबईहून यायचे तर आगबोट. आणि एकदा पावसाने धरले, दर्या खवळला, की बोटी बंद. रेल्वे आली ती १९९० नंतर. पडदे, पेटारे, पेटी-तबला आणि सगळा बिऱ्हाडबाजार घेऊन घाट उतरणे काही सोपे नव्हे. नाटकाचे पुस्तक मात्र एका माणसाच्या पिशवीत मावते!

अर्थात हे पुस्तकही पहिल्यापासून नव्हते. भाव्यांच्या खेळांत सूत्रधार पद्ये म्हणायचा, आणि पात्रे ऐनवेळी सुचेल तसे बोलायची. मग वाचणार काय? विनायक जनार्दन कीर्तन्यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ मध्ये छापून निघाले, आणि संवाद आधी लिहून मग ते पाठ करण्याची रीत पुढे रुळली. लोक अशा नाटकांना ‘बुकिश’ म्हणू लागले. नाव जरा ओबडधोबड आहे, पण मला ते आवडते. नाटक बुकात आले म्हणूनच तर ते घरात आले.

आता गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ घ्या. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि नाटक रंगभूमीवर आले ते त्यानंतर, फेब्रुवारीत, बडोद्याला. बालगंधर्वांची सिंधू पाहून थिएटरे रडली. लेखकाला ती पाहायला मिळाली नाही. त्याच्याजवळ होती ती कागदावरची सिंधू. आपण पुस्तक उघडतो तेव्हा आपल्याही हाती तेवढीच येते. सिंधू दळायला बसते, तेव्हा ते जाते कुठले? पुस्तकात त्याचे चित्र नाही. मला तरी ते आमच्या पडवीच्या कोपऱ्यातलेच दिसते, खुंटा जरासा हलणारे. तुम्हाला तुमच्या घरचे दिसेल. सुधाकराचा आवाज चढतो तोही आपण कधीतरी भिंतीपलीकडून ऐकलेल्या आवाजासारखा.

बोलपटात हे काम दुसऱ्याने करून ठेवलेले असते. ‘प्रभात’चा १९३६ चा ‘संत तुकाराम’ पाहा. विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले, आणि त्यानंतर कितीतरी मराठी माणसांना तुकोबा दिसले ते पागनिसांच्या चेहऱ्याचे. हा काही दोष नव्हे हो! इतकी निर्मळ मुद्रा मी तरी दुसरी पाहिली नाही, आणि गौरीबाईंची जिजाई तर कोणालाही आपल्याच आळीतली वाटावी. परंतु त्या अंधारात आपण नुसते घेणारे असतो. मध्येच थांबून ‘हे वाक्य तिने रागाने म्हटले असेल की थट्टेने?’ असे स्वतःला विचारायला सवड कुठे आहे? रीळ पुढे धावत असते. नाटक वाचताना मात्र तेच वाक्य दोनदा वाचता येते. एकदा रागाने, एकदा हसत.

आणखी एक गोष्ट. १८६१ चे कीर्तन्यांचे नाटक आज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचता येते. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ मात्र आज संपूर्ण उरलेला नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, चटकन पेटणारी, नाही पेटली तरी हळूहळू झिजणारी. कागदालाही वाळवी लागतेच, आणि कोकणच्या दमट हवेत फार लवकर लागते. पण एका प्रतीला लागली तर दुसऱ्या गावी दुसरी प्रत असते.

तेव्हा या पावसाळ्यात एखादे जुने नाटक घरी घेऊन या. एकट्याने वाचू नका. चौघांनी ओटीवर बसून पात्रे वाटून घ्या. आजोबांना तळीराम द्या, ते खूष होतील. आणि कंसातल्या सूचना गाळू नका बरे का, त्याही कोणीतरी मोठ्याने वाचायच्या!